मनाली ते लेह, दोघं, दोन सायकली (आणि त्याआधीचा आमचा सातपुडा)

मागचंचाक, नागपूर

नमस्कार मंडळी.

मागच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात आम्ही दोघं (मी ५१, हे ५६) मनालीहून लेहला सायकलनं गेलो. जुन्या रोहतांगच्या रस्त्यानं, जवळपास पावणेपाचशे किलोमीटर. १७ दिवस लागले, त्यातले १३ दिवस सायकलवर. धडधाकट पोरं हाच रस्ता ८-१० दिवसांत करतात. आमचे जास्तीचे दिवस कुठे गेले आणि ते का जायलाच हवे होते, हे सांगायला हा धागा काढला आहे.

इथल्या नागपूर, वर्धा, अमरावतीकडच्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, चहूकडे सपाट, मे महिन्यात पारा ४५ वर. इथे राहून हिमालयातल्या चढाची तयारी करायची कुठे? म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आमची शाळा म्हणजे छिंदवाडा रोड. सावनेर, सौंसर, रामाकोना करत कन्हान ओलांडली की पुढे सिल्लेवानीचा घाट लागतो. हिवाळ्यात पहाटे ४ ला घर सोडायचं आणि तो घाट चढायचा. वर पोचून घरी परत फिरायचं नाही, खाली उतरून पुन्हा चढायचा. दुसऱ्या वेळी पाय काय म्हणतात, ते खरं. डिसेंबर ते फेब्रुवारी आम्ही हे सात वेळा केलं. एरवी आठवड्यात सेमिनरी हिल्सच्या फेऱ्या. चढ लहान आहे, पण कॅरियरला पाच-पाच लिटर पाण्याचे कॅन बांधून दहा वेळा चढला की मांड्या भरून येतात.

मग मार्चच्या सुरुवातीला पूर्ण सामान लादून नागपूर ते पचमढी. छिंदवाडा, परासिया, तामिया, देलाखारी, मटकुली आणि शेवटचा पचमढीचा चढ. चार दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोह फुलायला लागला होता, पहाटे बायाबापड्या टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेल्या. असं सुंदर वातावरण, आणि तामियाच्या चढावर आमचं कडाक्याचं भांडण झालं.

झालं असं की हे माझ्यापेक्षा जोरात चढतात. त्या दिवशी ते पुढे गेले, वळणांवर दिसेनासे झाले. माझी एक बाटली संपली, दुसरी यांच्या पिशवीत. मी वर पोचले तेव्हा हे झाडाखाली बसून शेंगदाणे खात होते. अंगावरचा घाम वाळून शर्टवर मिठाच्या रेघा उमटल्या होत्या. मला पाहिलं तसे उठले, हेल्मेट घातलं आणि म्हणाले, "चल, निघायचं ना?" म्हणजे यांना ४० मिनिटं विश्रांती आणि मला एक मिनिटसुद्धा नाही. आणि दिवसभर असंच चाललं होतं! जो दमलेला, तोच बिनविश्रांतीचा. मी सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसले. रडले, खरं सांगते. यांना आधी कळेचना की झालं काय. मी सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग माझ्या दोन्ही बाटल्या भरून माझ्या सायकलला लावल्या आणि म्हणाले, "आता तू पुढे. मी तुझ्या मागच्या चाकाकडे बघत येतो."

तिथून आमचा नियम झाला. चढावर ज्याचा वेग कमी तो पुढे. पाणी, खाऊ आणि पंक्चरचं सामान प्रत्येकाचं प्रत्येकाजवळ. आणि विश्रांती मोजायची ती उशिरा पोचणाऱ्याच्या घड्याळानं. हा नियम नसता तर आम्ही लेह पाहिलं नसतं, कारण हिमालयात हळू चालणारी मी नव्हते.

आता हिमालय. दिल्लीपर्यंत रेल्वेनं, सायकली खोक्यात. पुढे एका खासगी बसच्या डिकीतून मनाली. त्या डिकीत कोणाचं तरी अवजड सामान माझ्या सायकलवर पडलं आणि मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) हँगर वाकला. मनालीत खोकं उघडलं तर गिअर बदलताना चेन थेट स्पोकमध्ये जायला लागली. हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर जोडणारा बोटभर अॅल्युमिनियमचा तुकडा. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, त्यामुळे पहिला तोच वाकतो. प्रत्येक सायकलचा आकार वेगळा, दुसऱ्याचा बसत नाही. आम्ही आपापल्या सायकलचा एकेक जास्तीचा हँगर सीताबर्डीहून निघतानाच घेतला होता. दोन स्क्रू काढले, नवा बसवला, वीस मिनिटांत काम झालं. तो नसता तर प्रवास मनालीतच संपला असता.

दोन दिवस मनालीत (साधारण २,००० मीटर) राहून निघालो. पहिला मुक्काम मढी, दुसऱ्या दिवशी रोहतांग, ३,९७८ मीटर. २०२० च्या ऑक्टोबरात ९ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून गाड्यांची सगळी गर्दी तिकडे गेली. वरचा रस्ता तेवढाच मोकळा झाला. आम्ही बोगद्याचा विचार केला नाही. रोहतांग चढून पलीकडे खोकसरला उतरलं की झोपायची उंची पुन्हा ३,१०० च्या आसपास येते. दिवसा उंचावर जायचं आणि रात्री खाली झोपायचं, शरीराला याहून चांगली ओळख करून देता येत नाही. खोकसर, मग तांदी. इथे चंद्रा आणि भागा मिळतात, पुढे तीच चिनाब. मग केलाँग, तिथे एक दिवस मुक्काम. मग जिस्पा. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे.

चूक पुढच्या दिवशी झाली. जिस्पा ३,२०० मीटर. आम्ही सकाळी निघालो, दारचाचा पूल ओलांडला, हवा छान होती, पाय चालत होते, आणि संध्याकाळी एकदम झिंगझिंगबारला तंबूत जाऊन झोपलो. एका दिवसात झोपायची उंची हजार मीटरनं वाढवली. कागदावर लिहिलेला मधला पटसेओचा मुक्काम आम्ही "अजून दिवस आहे" म्हणून गाळला. मीच म्हणाले होते गाळू या म्हणून.

रात्री ९ वाजता यांनी जेवण बाजूला सारलं. डोकं दुखतंय म्हणाले. ११ वाजता उलटी. १ वाजता पुन्हा. बाहेर कडाक्याची थंडी, भागा नदीचा आवाज, आणि तंबूतल्या मावशींनी दिलेल्या तीन रजया यांच्या अंगावर. मी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजत होते. स्वस्थ पडून असताना ११०. घरी यांची ६२ असते. दर अर्ध्या तासानं यांना उठवून बसवायची, नाव-गाव विचारायची, दोरीवरून चालल्यासारखं टाचेला बोट लावून पाच पावलं चालायला लावायची. चाल सरळ होती, तेवढा धीर.

पहाटे उजाडताच मी म्हटलं, खाली जायचं. हे म्हणाले, "अगं, बारालाचाची खिंड इथून दिसतेय. दुपारपर्यंत बरं वाटेल मला." मी रस्त्यावर उभी राहिले. लेहकडून येणारा तिसरा ट्रक थांबला. चालकानं एकदा यांच्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही, उतरून सायकली स्वतः वर चढवल्या. दीड-दोन तासांत जिस्पा. दुपारी यांनी दोन वाट्या वरणभात खाल्ला. संध्याकाळी नदीकाठी फिरून आले.

दोन रात्री जिस्पात काढल्या. मग तोच रस्ता पुन्हा सायकलनं. या वेळी पटसेओला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जेमतेम अर्धा दिवस चालवून झिंगझिंगबार, तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सूरजताल, बारालाचा (सुमारे ४,९०० मीटर), आणि उतरून सरचू. झिंगझिंगबारच्या त्याच तंबूत त्याच मावशी. यांनी तिथे बसून तीन पराठे खाल्ले आणि त्या शेजारी उभ्या राहून प्रत्येक घास मोजत होत्या.

पुढचं थोडक्यात. सरचूला एक दिवस मुक्काम. मग गाटा लूप्स, २१ वळणं, एकावर एक रचलेली. मग नकीला (तिकडे ला म्हणजे खिंड), व्हिस्की नाल्यावर मुक्काम, मग लाचुलुंगला, पांग. पांगनंतर एक खडा चढ आणि मग मोरे मैदान, चाळीसेक किलोमीटर सपाट, झाड म्हणून नाही. दुपारनंतर समोरून असा वारा की सपाटीवरही ताशी ८ च्या वर वेग जाईना. डेब्रिंगहून टांगलांगला. पाटीवर १७,५८२ फूट, म्हणजे ५,३०० मीटरच्या वर. तिथे पोचायला सकाळचे साडेअकरा झाले. हे पुढे होते. शेवटच्या वळणावर थांबले, मी मागून आले, आणि दोघं बरोबरच वर गेलो.

प्रश्न विचारा, जमेल तेवढी उत्तरं देईन.

सावनेरकर

ताई, जबरदस्त! सिल्लेवानीचा घाट तुम्ही दोनदा चढता हे वाचून बरं वाटलं. आमच्या दारावरून जाता म्हणायचं. आम्ही पोट्टे एकदा चढून वर चहा पिऊन वापस येऊन राहिलो इतकी वर्षं.

एक विचारतो. गिअर कोणता? माझ्याजवळ हायब्रीड आहे. पुढे सगळ्यात लहान चक्र २८ दातांचं, मागे सगळ्यात मोठं २८. चालते का?

मागचंचाक

सावनेरकर भाऊ, सामानाशिवाय चालेल. सामान लादून, ४,५०० मीटरच्या वर, नाही चालणार. हिशोब असा बघा. २८ ला २८ म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी जवळपास ८ किलोमीटर. आता चढावर दम लागला आणि तुम्ही ५ वर आलात, तर फेरे ३८ वर येतात. म्हणजे प्रत्येक फेरा गुडघ्यावर जोर देऊन. दिवसभरात असे हजारो.

माझ्या सायकलला पुढे २२ दात, मागे ३४. एका फेऱ्यात सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. ताशी ५ नं जातानाही पाय ६० नं फिरत राहतात. गुडघे वाचतात, दम आपल्या ताब्यात राहतो. तुम्हाला पूर्ण सायकल बदलायची गरज नाही. मागची कॅसेट (चक्रांचा संच) ३४ किंवा ३६ दातांची बसते का ते दुकानात विचारा. डिरेलरचा लांब पिंजरा लागेल, चेनही बदलावी लागेल. तेवढ्यानंही मोठा फरक पडतो.

सह्यभटक, पुणे

लेख आवडला. पण एक मतभेद नोंदवतो. ट्रकनं खाली आलात हे ठीक, आरोग्य आधी. पण मग तोच टप्पा पुन्हा सायकलनं करण्यात दोन-तीन दिवस घालवण्यापेक्षा ट्रकनं किंवा टॅक्सीनं झिंगझिंगबारला वर सोडून घेता आलं असतं. तो रस्ता एकदा झालाच होता ना? वाचलेले दिवस सरचूला विश्रांतीला वापरता आले असते.

मागचंचाक

सह्यभटक, तुमचा मुद्दा आमच्यातही निघाला होता, आणि तो मांडणारी मीच होते. पण विचार करा. गाडीनं वर गेलो असतो तर पुन्हा एका तासात हजार मीटर. ज्या गोष्टीनं हे आजारी पडले तीच गोष्ट पुन्हा, फक्त पाय न हलवता. मधली पटसेओची रात्र हेच तर औषध होतं. सायकल हळू चालते म्हणून ती वाचवते. आता बोगद्यामुळे लोक मनालीत नाश्ता करून दुपारी जिस्पाच्या पुढे जातात आणि रात्री सरचूला डोकं धरून बसतात. आम्ही असे चारपाच जण पाहिले, सगळे गाडीतले.

आणि दुसरं कारण मनाचं आहे. यांना तो चढ स्वतः चढायचा होता. आजारपणानंतर माणूस स्वतःवरचा भरवसा हरवतो. पटसेओचा दिवस त्यांनी चालवला, संध्याकाळी नाडी ८४ आली, तेव्हा यांचा चेहरा बघायला हवा होता.

शुश्रूषा

मी डॉक्टर आहे, इथे नागपुरातच प्रॅक्टिस करते. या धाग्यावर लिहिणं मला गरजेचं वाटतं, कारण वाचून पुष्कळ जण जातील.

वर प्राणवायू "कमी" होतो म्हणतात, पण त्याचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब. टांगलांगलाच्या उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो, म्हणून प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू आत येतो. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात. ते व्यायामानं लवकर होत नाही. सिल्लेवानी सात वेळा चढलेला आणि कधीच न चढलेला, दोघांनाही उंचीचा त्रास सारखाच होऊ शकतो. उलट तंदुरुस्त माणूस भरभर वर जातो, म्हणून त्याला जास्त जपावं लागतं.

नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रोज झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम करावा. मागचंचाक ताईंनी ५०० च्या जागी १,००० केली आणि त्याच रात्री त्रास झाला.

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं एवढंच असेल तर वर जायचं थांबवा, आहात तिथे राहा. वाढत असेल तर खाली उतरा. पण तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागते आणि खोकला येतो, तर सकाळची वाट पाहू नका. मध्यरात्र असली तरी त्याच वेळी खाली. मेंदूला किंवा फुप्फुसाला सूज येत असते आणि काही तासांत जीव जाऊ शकतो. ताईंनी टाचेला बोट लावून चालायला लावलं, ही तपासणी प्रत्येक जोडप्यानं निघण्याआधी शिकून घ्यावी. जो आजारी असतो त्याला स्वतःचं कळत नाही. जोडीदारालाच कळतं.

अॅसिटाझोलामाइडची गोळी प्रतिबंधासाठी देतात, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू करायच्या आदल्या दिवसापासून. पण ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू वर्ज्य. पन्नाशीपुढच्यांनी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करूनच निघावं.

मागचंचाक

शुश्रूषा ताई, मनापासून धन्यवाद. तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवता आला तर बरं होईल. "जोडीदारालाच कळतं" हे अगदी खरं. हे त्या पहाटे शपथेवर सांगत होते की बरं वाटतंय.

केवडा

ताई, मी आणि माझा नवरा, दोघं तिशीतले, मानेवाड्याला राहतो. पुढच्या वर्षी जायचं मनात आहे. दोन प्रश्न बाईनं बाईला विचारायचे आहेत. एक, शौचाला जाण्याची सोय. दुसरं, पाळी त्याच दिवसांत आली तर. घरात कोणाला विचारू कळत नाही.

मागचंचाक

केवडा, बरं केलंस विचारलंस. तंबूंच्या वस्तीवर काही ठिकाणी खड्ड्याचे संडास असतात, काही ठिकाणी काहीच नाही. बारालाचाच्या पुढे तर झाडझुडूप नाहीच, दगडही आडोशाला पुरेल एवढा मिळेल असं नाही. मी एक मोठं गडद सुती पातळ सोबत घेतलं होतं. हे रस्त्याकडे पाठ करून ते धरून उभे राहायचे. लाज दोन दिवस वाटते, मग नाही वाटत. सगळ्यात महत्त्वाचं, जायला लागू नये म्हणून पाणी कमी पिऊ नकोस. पुष्कळ बायका हेच करतात. तिथली हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतही नाही, आणि मग डोकं दुखतं ते पाण्याअभावी की उंचीमुळे, हे सांगता येत नाही. मी दिवसाला चार लिटर पीत होते.

पाळीचं म्हणशील तर माझी आता बंद झाली आहे. पण सरचूला पुण्याकडच्या दोन मुली भेटल्या होत्या, त्यांनी पाळीचा कप वापरला होता. त्यांचा सल्ला असा की सवय घरी सहा महिने आधी लावायची, तिथे जाऊन पहिल्यांदा नाही. हात धुवायला वेगळी बाटली आणि साबण. वापरलेलं काहीही तिथे टाकायचं नाही, बंद पिशवीतून लेहपर्यंत परत आणायचं. तिथल्या थंड कोरड्या जागेत काही कुजत नाही.

छेडछाड म्हणशील तर एकदाही नाही. ट्रकवाले हात दाखवायचे, हॉर्न हळू वाजवायचे. एकानं मोरे मैदानात थांबून सफरचंदं दिली.

तेवीसदात

गाटा लूप्सवरची ती बाटल्यांची जागा पाहिली का? पाण्याच्या बाटल्यांचा ढीग असतो म्हणतात.

मागचंचाक

पाहिली. वळणाजवळ दगडांची लहानशी घुमटी आहे, भोवती पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचा ढीग. तिकडे सांगतात की फार वर्षांपूर्वी बर्फात एक ट्रक अडकला, चालक मदत आणायला गेला, आजारी क्लीनर मागे राहिला आणि पाण्यावाचून गेला. खरंखोटं देव जाणे. पण येणारा-जाणारा थांबतो आणि पाणी ठेवतो. आमच्याजवळ त्या वेळी दोघांत मिळून दोन लिटर होतं आणि पुढे व्हिस्की नाल्यापर्यंत पाणी नव्हतं. यांनी आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी दगडावर ओतलं आणि हात जोडले. बाटली ठेवली नाही, प्लास्टिक तिथे आधीच फार आहे. मला त्या वेळी जिस्पाला उतरवून देणारा ट्रकवाला आठवला.

सावनेरकर

ताई, वाचून अंगावर काटा आला. आणि खायचं काय हो? आपल्याकडची माणसं मॅगीवर किती दिवस काढतील?

मागचंचाक

भाऊ, राजमा-भात, पराठे, अंडी सगळीकडे मिळतं. पण एक लक्षात ठेवा, सरचूच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं. तिथे उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही. तंबूवाले प्रेशर कुकरमध्ये शिजवतात म्हणून निभावतं. आपला स्टोव्ह घेऊन जाणाऱ्यांनी डाळ-तांदूळ नेऊ नयेत.

आम्ही घरून सातूचं पीठ नेलं होतं. भाजलेल्या गव्हा-हरभऱ्याचं, वेलची घालून. पाण्यात कालवायचं, गूळ घालायचा, शिजवायची गरज नाही. भूक मेलेली असते तेव्हाही ते घशाखाली उतरतं. शेंगदाणा-गुळाचे लाडू होते, रोज चढावर दर ४५ मिनिटांनी अर्धा. आणि तिखट लागतं हो! उंचावर जिभेची चव जाते. यांनी एका डबीत लाल तिखट आणि भाजलेला लसूण कुटून नेला होता. पांगला त्या डबीवर अख्खा तंबू तुटून पडला.

अनुभवी_६८, वर्धा

मुलांनो, मी ऑगस्टचा मुद्दा मांडतो. मी तरुणपणी त्या बाजूला नोकरीला होतो. ऑगस्टमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं. तिकडे असल्या ओढ्यांना पागल नाला म्हणतात. सकाळी ७ वाजता घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी ३ ला मांडीला लागतं, कारण दिवसभराच्या उन्हानं वरचा बर्फ सुटतो. सायकलवाल्यांनी असे ओढे सकाळी दहाच्या आत ओलांडावेत. अनवाणी कधी नाही, तळाला सुटे दगड असतात आणि पाय बधिर झाल्यावर जखम कळत नाही. एक जोडी साध्या सॅंडल ओढ्यांसाठी वेगळ्या ठेवाव्यात.

मागचंचाक

काका, शंभर टक्के. पहिल्या वेळी झिंगझिंगबारला जाताना आम्ही असा एक ओढा दुपारी अडीचला ओलांडला. एक सायकल दोघांनी मिळून उचलून नेली, मग परत येऊन दुसरी. तीन वेळा त्या पाण्यातून जावं लागलं. पलीकडे गेल्यावर यांना १५ मिनिटं पायाची बोटं हलवता येईनात. मला आता वाटतं, त्या रात्रीच्या आजारपणात उंचीइतकाच त्या थंडीचाही हात होता. दुसऱ्या वेळी सकाळी साडेसातला तोच ओढा पॅडल मारत पार केला, सायकलवरून उतरावंही लागलं नाही.

केवडा

ताई, नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. तामियाचा प्रसंग वाचताना तो गप्प झाला, कारण मागच्या महिन्यात रामटेकला जाताना आमचं अगदी हेच झालं. मनसरच्या पुढे मी एकटीच होते. आता आम्हाला तुमच्यासोबत सिल्लेवानीला यायचं आहे. याल का घेऊन?

सावनेरकर

मी पण येतो. घाटाच्या आधी आमच्या घरी पोहे. तर्री असेल.

मागचंचाक

या सगळे. येत्या रविवारी पहाटे ४ ला झिरो माइलच्या खांबापाशी. तिथून कोराडी रोडनं सावनेर. तिथे भाऊंकडे पोहे खाऊन पुढे सौंसर, रामाकोना. घाटाच्या पायथ्याशी पोचायला साडेनऊ होतील असं धरा. हवा अजून थंड आहे, चालेल. मागे-पुढे दिवे आणि हेल्मेट असल्याशिवाय कोणी निघू नका. सावनेर रोडवर पहाटे ट्रक असतात.

केवडा, प्रत्येकाच्या सायकलला दोन बाटल्या लाव, स्वतःच्या. पंक्चरचं सामान तुझं तुझ्याजवळ. चाक काढून घालायला येतं का? नसेल तर शनिवारी संध्याकाळी घरी ये, हे शिकवतील. आणि घाट सुरू झाला की तू पुढे.